यंदा गणपतीपूर्वी

आश्वासनाची मुदत मोजायला इतरांना कॅलेंडर पुरतं, कोकणात पंचांग लागतं. मुंबई-गोवा महामार्गाची कोणतीही तारीख आमच्याकडे फार दिवस नुसती तारीख राहत नाही. ती फिरून फिरून 'गणपतीपूर्वी'वर येऊन बसते. गणपतीपूर्वी खड्डे बुजणार. गणपतीपूर्वी एक मार्गिका सुरू होणार. गणपतीपूर्वी बोगदा खुला होणार. ज्याने कोणी ही मुदत पहिल्यांदा शोधून काढली त्याला माणसाच्या मनाची चांगली पारख असली पाहिजे. गणपती दरवर्षी येतोच येतो, त्यात कधी खंड नाही. मग त्याच्या आधी जे काही येणार म्हणून सांगितलं जातं, तेही येईल असं आम्हाला उगाचच वाटत राहतं. शिवाय चतुर्थी कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात, त्यामुळे मुदतही सरकती. २०२३ साली तर अधिक श्रावण आला आणि चतुर्थी थेट १९ सप्टेंबरला गेली. फाइल न हलता, सही न होता महिन्याभराची मुदतवाढ मिळाली, आणि ती देणारा साक्षात चंद्र! एवढं करून त्या वर्षी पदरात पडली ती एक मार्गिका, जिथे पडली तिथे, आणि कशेडीच्या दोन बोगद्यांपैकी एक. तोही हलक्या वाहनांसाठी, तात्पुरता.

हा रस्ता पनवेलहून निघतो आणि कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीला जातो. पूर्वी त्याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. नंबर बदलण्याचं काम मात्र वेळेत झालं, हे मान्य केलं पाहिजे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. धोनीने वानखेडेवर षटकार मारला, ते साल. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता मतदार झाली, आणि त्यांनी आपलं पहिलं मत याच रस्त्याच्या आश्वासनावर देऊनही टाकलं.

कोकणचा दगडच फुटत नाही, असं म्हणावं तर तसंही नाही. कोकण रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं १९९० साली आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. सातशे चाळीसच्या आसपास किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे आणि पूल तर किती ते मोजताना माणूस झोपी जावा. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन ही नावं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून घरातल्या माणसांसारखी घेतात. त्यांच्या आठवणीतही डोंगर तोच होता, पाऊसही तोच. माती ढासळायची, बोगदे गिळायला उठायचे, तरी गाडी आली.

दुसरं उदाहरण महाडचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या आणि त्यांतली माणसं गेली. त्यावर हसण्यासारखं काही नाही. पण पुढचं नोंदवलं पाहिजे. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, २०१७ च्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. प्रत्यक्ष बांधकाम झालं १६५ दिवसांत. म्हणजे सरकारला काम जमत नाही, अशी जी आपण मनाची समजूत घालत होतो तीही गेली. जमतं. मनात आणलं तर फार सुंदर जमतं. हे कळल्यापासून संताप दुप्पट झाला आहे.

तर अशा या रस्त्यावर दर पावसाळ्यात एक सण होतो. तो पंचांगात दिलेला नसतो. त्याला 'पाहणी दौरा' म्हणतात. आषाढ-श्रावणात, चाकरमान्यांची रेल्वेची वेटिंग लिस्ट शेकड्यात गेली की हा येतो. आदल्या रात्री ठेकेदाराची माणसं दौऱ्याच्या वाटेवरचे खड्डे बुजवायला निघतात. भर पावसात डांबर धरत नाही, म्हणून खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवतात. सकाळी ताफा येतो. मंत्री उतरतात, त्यांच्या डोक्यावर छत्री धरायला तीन जण धावतात आणि तिघांच्या छत्र्यांचं पाणी मिळून साहेबांच्या मानेवर पडतं. अभियंता प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा उघडतो. नकाशात रस्ता असतो. सगळे एकदा नकाशाकडे बघतात, एकदा खाली बघतात. मग साहेब अभियंत्याला झापतात. हे झापणं कॅमेऱ्यासमोर व्हावं लागतं. कॅमेरावाला अजून मागच्या गाडीतून चिखल तुडवत येत असेल तर साहेब पुन्हा पहिल्यापासून झापतात. अभियंताही अनुभवी. तोही दुसऱ्या वेळेस तितकाच दचकतो. ठेकेदार मागच्या रांगेत हात बांधून उभा असतो आणि त्या सबंध घोळक्यात एकट्याचेच बूट स्वच्छ असतात. शेवटी पत्रकार विचारतात, "साहेब, तारीख?" साहेब तारीख देतात. ती मिळाली की माइक गुंडाळले जातात, छत्र्या मिटतात, ताफा जातो. नंतरच्या पहिल्या सरीत पेव्हर ब्लॉक उखडतात आणि आधी खड्डा होता तिथे आता खड्डा आणि त्यात एक सुटा दगड अशी प्रगती दिसू लागते.

तारखांची यादी द्यायची तर अंक संपेल. अलीकडच्याच बघा. २०२३ चा डिसेंबर ही तर उच्च न्यायालयात सांगितलेली मुदत होती. ती गेली. २०२४ चा डिसेंबर आला, गेला. २०२५ चा जून आला, पाऊस घेऊन आला. माणगाव आणि इंदापूरचे बायपास होते तिथेच. मधल्या काळात, १६ ऑक्टोबर २०२३ ला, चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. उद्घाटनाआधीच पडला, हा त्यातल्या त्यात प्रामाणिकपणा. नारळ फुटून, फीत कापून मग पडला असता तर आपण काय करणार होतो?

उशीर का, याचं कारण केंद्रातून एकदा जाहीरपणे सांगण्यात आलं: जमिनीचे तंटे, भावाभावांतली भांडणं, मोबदल्याचे खटले. हे ऐकून समस्त कोकणाने एकमेकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कारण यात तथ्य आहे. आमच्या सातबाऱ्यावर इतकी नावं असतात की तो वाचताना गावची मतदारयादी वाचतोय की काय असं वाटतं. त्यातले निम्मे वारलेले, काही नालासोपाऱ्याला, एक पणजोबांच्या काळात बोटीवर गेला तो अजून 'हयात' या सदरात. दोन गुंठ्यांसाठी आमच्याकडे दोन पिढ्या कोर्टात जातात आणि खटला निकाली निघाला तर दोन्ही घरांना चुकल्यासारखं होतं. तेव्हा हे कारण मान्य. पण मग २४ डिसेंबर २०१६ ला अरबी समुद्रात शिवस्मारकाचं जलपूजन झालं. तिथे तर सातबारा नव्हता, भावकी नव्हती, बांध कोरायला कोणी आलेला नव्हता. तरी समुद्राचं पाणी होतं तिथेच आहे आणि ते प्रकरणही न्यायालयात जाऊन आलं. म्हणजे भाऊ नसले तरी काम अडू शकतं, एवढं तरी कोकणी माणसाच्या बाजूने सिद्ध झालं.

या सगळ्यात आमचं सर्वात मोठं नुकसान कमरेच्या मणक्याचं झालं, असा समज आहे. माझ्या मते ते रागाचं झालं. मतदाराकडे स्वतःचं म्हणून एक तरी हत्यार असतं, राग. तो पाच वर्षं मुरवायचा आणि एकदा बटण दाबून मोकळं व्हायचं. या रस्त्याने तेही ठेवलं नाही, कारण आमच्यापेक्षा पुढारी जास्त रागावतात. आमदार रस्त्यावर बसतात. खासदार पत्र लिहितात आणि पत्राचा फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतात. पदयात्रा निघतात, ठेकेदाराच्या ऑफिसच्या काचा फुटतात. जे सत्तेत आहेत ते म्हणतात, मलाही लाज वाटते. आता समोरच्यालाच लाज वाटू लागली तर आपण त्याला काय वाटायला लावायचं? २०११ पासून आजवर राज्यात आघाडी येऊन गेली, युती येऊन गेली, महाविकास आघाडी आली, महायुती आली. फुटलेले पक्ष धरले तर प्रत्येक रंगाच्या झेंड्याला या रस्त्याने कधी ना कधी आपलं म्हटलं आहे. त्यामुळे सगळेच आरोपी, सगळेच फिर्यादी. इतकी समान वाटणी आमच्या भावकीत कधी झाली नाही.

आता या रागावर उतारा म्हणून पुढाऱ्यांनी जे काढलं आहे त्याला तोड नाही. रस्ता देता येत नाही ना, मग बस देऊ!

गणपतीला मुंबईतून कोकणात फुकट गाड्या सुटतात, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी लालबाग, परळ, भांडुप, डोंबिवलीकडे एक फेरी मारावी. शाखेत, कार्यालयात महिनाभर आधी नावनोंदणी होते, आधार कार्डाची झेरॉक्स, कुठल्या तालुक्याचे, किती सीट. बसची वेळ सातची असते. सातला बस असते, ड्रायव्हर असतो, माणसं असतात, त्यांची मखरं, विजेच्या माळा, पेढ्यांचे बॉक्स, कुकर, एक झोपाळू मूल, असं सगळं असतं. नसतो फक्त झेंडा दाखवणारा. तो साडेनऊला येतो. चाकाशी नारळ फुटतो. भाषण होतं. प्रत्येकाला एक पिशवी मिळते, तीत वडापाव, लाडू आणि पाण्याची बाटली. पिशवीवर फोटो, बाटलीवर फोटो, सीटच्या पाठीवर फोटो. पुढच्या काचेवर तर इतका मोठा बॅनर असतो की ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. मी एका ड्रायव्हरला तसं म्हटलं. तो म्हणाला, "दिसून काय करायचाय? तो थोडाच आहे तिथे."

गाडी सुटते. पनवेलपर्यंत गजर, वडखळपर्यंत आरत्या. कोलाडच्या पुढे टाळ मंदावतात आणि माणगावात गाडी उभी राहते. पुढे लाल दिवे, मागे पांढरे दिवे, मध्ये कुणीतरी गाडीतून उतरून बीडी ओढत पुढच्या गाडीवाल्याला विचारतोय, कुठून कुठवर आहे? पोर रडतं. बायका पायांची बोटं चोळत बसतात. अशा वेळी पूर्वी पुढाऱ्याचा उद्धार व्हायचा, अगदी मनमोकळा. या बसमध्ये तो होत नाही. समोरच्या सीटच्या पाठीवरून तोच हात जोडून हसत असतो, पोटात त्याचाच लाडू असतो. मिंधेपणा हा फार गुणकारी पदार्थ आहे. तीनशे-चारशे किलोमीटर काँक्रीट ओतण्यापेक्षा पाचशे बसगाड्या स्वस्त पडतात. रस्ता झाला तर लोक आपापल्या गाडीने जातील आणि कोणाचं नाव घेणार नाहीत. बस दिली की वर्षभर म्हणतात, नाही हो, माणूस चांगला आहे, गेल्या गणपतीत गाडी दिली. पुढाऱ्याच्या जागी मी असतो तर रस्ता पूर्ण होऊ नये म्हणून नवस बोललो असतो.

टोलमाफीचंही असंच. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पास मिळतो. त्या माफीत गोवा महामार्गासोबत पुणे-सातारा-कोल्हापूरचा रस्ताही धरलेला असतो, कारण शहाणी माणसं कोकणात जायला आधी घाटावर चढतात, कोल्हापूर गाठतात आणि फोंडा नाहीतर गगनबावड्याच्या घाटाने पुन्हा खाली उतरतात. सरकारला हे माहीत आहे, म्हणून तिकडचाही टोल माफ. एका रस्त्याबद्दल सरकारने दिलेला इतका स्वच्छ कबुलीजबाब मी दुसरा पाहिलेला नाही.

आमचं गाव कणकवली तालुक्यात. आणि इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. खारेपाटणच्या पुढे सिंधुदुर्गात शिरलं की रस्ता कधीच झालेला आहे, चार पदरी, गुळगुळीत. त्याने आमची अधिकच पंचाईत केली. निवडणुकीत उमेदवार वाडीत आला, घाटीवर चपला काढून ओटीवर बसला. आमचे काका पंच्याहत्तरीचे, पण सभा चुकवत नाहीत. त्यांनी रस्त्याचा विषय काढला.

"काका, आपल्याकडचा झालो मा?" उमेदवार म्हणाला.

"झालो. पण पोरगो मुंबयसून येतलो कसो? हेलिकॉप्टरान?"

"तां रत्नागिरीवाल्यांका विचारूक होया."

आणि हे खरंच आहे. आमच्याकडे विचारावं तर बोट रत्नागिरीकडे, रत्नागिरीत विचारावं तर रायगडकडे, रायगडात विचारावं तर पनवेल-इंदापूर टप्प्यासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तिथून पुढे झारापपर्यंत राज्याच्या बांधकाम खात्याकडे. एकच रस्ता, पण त्याची जबाबदारी आमच्या सातबाऱ्यासारखी सामायिक. उमेदवाराने तरीही जाता जाता सांगितलं की निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी स्वतः लक्ष घालतो. काका म्हणाले, "गेल्या खेपेक तुमी ह्याच सांगलास. साहेबांनू, तारीख नको, खडी हाडा." सगळे हसले. उमेदवार सर्वांत मोठ्याने हसला. चहा झाला, काकांच्या तो पाया पडला.

काकांनी मत त्यालाच दिलं. मी विचारलं, का? त्यांनी हिशेब सांगितला. काकूला रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा याच्या माणसाने गाडी काढली. थोरल्या भावाच्या बाराव्याला तो स्वतः येऊन बसला. आणि भजनी मंडळाला पखवाज दिला. पखवाजाला शाईही चांगली चढवलेली, बोल नीट निघतो. यावर माझ्यासारख्या मुंबईच्या शहाण्याने काय बोलायचं? महामार्ग वर्तमानपत्रात असतो, पखवाज देवळात असतो. हात मारून बघता येतो. आम्ही मतदार मूर्ख आहोत, असं टीव्हीवर जे पंडित सांगतात त्यांना कोणी कधी पखवाज दिलेला नाही.

पखवाज ही मात्र किरकोळ विक्री झाली. घाऊक बाजार जाहीरनाम्यांचा. २०२४ च्या विधानसभेत त्याचा जो लिलाव झाला तो आठवा. लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० चालू होते. महायुतीने २१०० म्हटलं, महाविकास आघाडीने ३००० म्हटलं. मतदान आणखी आठवडाभर लांबलं असतं तर बहिणींनी नोकऱ्या सोडल्या असत्या. निकाल लागल्यावर २१०० चं काय, असं विचारलं तेव्हा समजलं की जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो. ते बरोबरच आहे. आम्ही तो पहिल्या महिन्यात वाचायला घेतला, ही आमची घाई. रागावून कोर्टात जाऊ म्हणाल तर तीही सोय नाही. बिस्किटाचा पुडा वजनात दहा ग्रॅम कमी भरला तर ग्राहक आयोगात दाद मागता येते, जाहीरनामा सबंध रिकामा निघाला तरी नाही. तमिळनाडूत फुकट टीव्ही-मिक्सर वाटण्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०१३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन म्हणजे कायद्याच्या भाषेतला भ्रष्ट मार्ग नव्हे; निवडणूक आयोगाने याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं करावीत. आयोगाने केली. पूर्ण करता येतील अशीच आश्वासनं द्यावीत, पैसा कुठून येणार हेही सांगावं, असं आता आचारसंहितेत लिहिलेलं आहे. थोडक्यात, आश्वासन देणाऱ्यांकडून आश्वासन घेतलं आहे.

आचारसंहिता लागायच्या आधीचा पंधरवडा तुम्ही पाहिला आहे का? तालुक्यात नारळ मिळत नाही. साकवाचं भूमिपूजन, सभामंडपाचं भूमिपूजन, गेल्या निवडणुकीत भूमिपूजन झालेल्या पाखाडीचं 'नूतनीकरण शुभारंभ'. आमच्या वाडीच्या तोंडाशी एका पुलाची कोनशिला आहे. पूल नाही. कोनशिला उत्तम ग्रॅनाइटची, त्यावर बारा नावं सोनेरी अक्षरांत, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती. आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीचा शिपाई खळीचा डबा घेऊन येतो आणि तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवतो. गेल्या वेळी त्याने चिकटवलेल्या पानावर नेमकी त्याच बारा जणांची आणखी एका भूमिपूजनाची बातमी होती, फोटोसकट. आचारसंहितेचा भंग झाला की नाही, यावर पारावर बराच वेळ चर्चा चालली. बैल मात्र त्या कोनशिलेला अंग घासतात, तेवढा उपयोग आहे.

ज्यांना या कशातच मन रमवता येत नाही त्यांच्यासाठी २०१३ पासून नोटा आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला सत्तावीस हजारांहून जास्त मतं पडली आणि ती चक्क दुसरी आली. प्रचार नाही, बॅनर नाही, एकाही बसला झेंडा दाखवलेला नाही. आश्वासन तर एकही दिलं नव्हतं. उभं राहून हरलेल्या उमेदवारांनी यावर चिंतन केलं असेल, किंवा पुढच्या वेळी तिला आपल्या पक्षात घ्यायचा विचार केला असेल.

आश्वासनं अजिबात पाळली जात नाहीत, असं म्हणणंही खोटेपणाचं होईल. २०१९ ला दहा रुपयांत थाळी देऊ म्हटलं गेलं, २०२० च्या २६ जानेवारीला शिवभोजन थाळी सुरू झाली. त्याआधी १९९५ च्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. मुंबईत त्या केंद्रांच्या टपऱ्या पुढे राहिल्या, झुणका गेला, चायनीज आलं. पण दिली होती, हे नाकारता येत नाही. माझं निरीक्षण एवढंच की पोटात जाणारं आश्वासन लवकर पूर्ण होतं, पायाखालचं राहतं.

आणि पायाखालचं अजून पूर्ण व्हायचं असताना नवीन आलंसुद्धा. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग आमच्या कानावर आहे. त्याच्या जोडीला आता कोकणातून जाणारा नवाकोरा द्रुतगती महामार्ग. तो झाला की मुंबईहून सिंधुदुर्ग काही तासांत. नकाशावर जाड रेघ. ती रेघ पेपरात छापून आली त्या दिवशी मी गावीच होतो. काका चष्मा लावून, बोट फिरवत ती रेघ आपल्या गावाजवळून कुठून जाते ते बघत होते. मला वाटलं, आता एखादा शेलका शब्द येणार. काका म्हणाले, "आमची काजीची बाग जातली काय रे ह्याच्यात? आणि गेली तर गुंठ्याक काय भाव?"

संध्याकाळपर्यंत पलीकडच्या घरातल्या चुलतकाकांनीही तोच पेपर वाचला होता. काजूच्या बागेत माझा निम्मा वाटा आहे, असा निरोप त्यांच्याकडून रात्री आला. तोवर त्या बागेचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. काजू माकडं खात होती. दोन दिवसांनी नालासोपाऱ्याचा फोन आला, तिथल्यांचंही नाव सातबाऱ्यावर आहे. बोटीवर गेलेल्या पूर्वजाचा एक पणतू निघाला, तो तर फेसबुकवर सापडला. अजून रस्त्याची मोजणी नाही, खुंट नाही, कोणी अधिकारी फिरकलेला नाही. पण आठवड्याच्या आत काका कणकवलीला जाऊन वकिलाला भेटून आले. वकिलाने कागद बघितले, केस मजबूत आहे म्हणाला, आणि सगळी फी आगाऊ मागून घेतली. तो आश्वासनावर काम करत नाही.